लाकडी चेहऱ्याची नजर

नमस्कार. मला कथकवर बोलायला बोलावलंय, पण सुरुवात मी पेठ तालुक्यापासून करणार आहे. माझे वडील, आमचे आप्पा, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सावळघाट ओलांडून पुढे गेलं की आमचं गाव. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला खांद्यावर बसवून बोहाडा दाखवला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिकच्या पश्चिमेचा डोंगरपट्टा आणि पलीकडचं जव्हार-मोखाडा, इथे उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या गावांत रात्रभर लाकडी मुखवटे घातलेली देवादिकांची सोंगं निघतात. आधी गणपती, मग शारदा, पुढे नरसिंह, रावण, भीम, वेताळ. समोर टेंभे, मागे संबळ आणि सनई. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं, आजोबांचा नरसिंह नातवाकडे येतो. उजाडता उजाडता देवी आणि म्हैसासुराची लढाई होते. त्या वेळी मी झोपले होते. आप्पांनी हलवून जागं केलं, आणि माझ्यासमोर देवी उभी होती.

दहाव्या वर्षी आम्ही नाशिकला आलो आणि मला कथकच्या क्लासला घातलं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि पुढे याच नाशकात रामनाम आधाराश्रमात ते राहिले. अशा गावात शास्त्रीय संगीत शिकायला मिळणं हे माझं भाग्य. तत्कार म्हणजे पावलांचे बोल, तीनताल, सोळा मात्रा, सम. बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या: चेहरा बोलला पाहिजे. भुवई, पापणी, ओठाची कड. वीस वर्षं मी तेच केलं, तेच शिकवलं.

मग नरसिंह बसवायची वेळ आली आणि मी अडले. डोळे वटारायची, नाकपुड्या फुगवायची, आणि आरशात रागावलेली मीच दिसायची. तेव्हा पेठची आठवण झाली. तिथे तर चेहरा लाकडाचा! तो ना रागावतो, ना हसतो. तरी सात वर्षांची मी आप्पांचे केस घट्ट धरून बसले होते. ते भय आलं कुठून?

मी गावी गेले. नरसिंहाचं सोंग घेणाऱ्या मामांना विचारलं. त्यांनी काहीच समजावलं नाही. अंगणात उठून उभे राहिले, मुखवट्याशिवाय. चेहरा अगदी कोरा. गुडघे जरासे मोडले, मान खाली घेतली, आणि मानेसकट खांदे सावकाश माझ्याकडे वळवले. मी एक पाऊल मागे सरकले. मुखवट्याची भोकं लहान असतात, डोळे फिरवून काही दिसत नाही. पाहायचं तर अख्खी मान फिरवावी लागते. देवाची नजर जड वाटते ती त्यामुळे! त्या दिवसापासून माझ्या शिकवण्यात मान आणि गुडघा चेहऱ्याच्या आधी येतात.

एक खंत मात्र बोलून दाखवते. मागे शहरातल्या एका कार्यक्रमात मी याच मंडळींना बोलावलं होतं. आयोजकांनी बारा मिनिटं दिली. बारा मिनिटांत संबळ नुसता तापतो. सोंग चार पावलं पुढे येतं, दोन मागे जातं, पुन्हा येतं; त्या येण्याजाण्यातच ते अंगात भिनतं. मामा घड्याळाकडे बघत नाचले. मला फार लाज वाटली. त्यानंतर मी त्यांना कुठल्याही मंचावर नेलेलं नाही.

आता मीच मुलींना घेऊन तिकडे जाते. परतल्यावर आठवडाभर वर्गात सगळ्यांच्या तोंडावर ओढणी बांधते आणि गतभाव, म्हणजे कथकमधून गोष्ट सांगणं, करायला लावते. पहिल्या दिवशी मुली रडकुंडीला येतात. चौथ्या दिवशी कुणाची तरी पाठ बोलायला लागते.

तुम्हीही जा. होळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला चौकशी करा, सोंगं कधी निघणार ते गावकरी सांगतात. मोबाईलचा फ्लॅश तेवढा बंद ठेवा, टेंभ्याच्या उजेडावर सोंगाला वाट दिसते. आणि लहान मूल बरोबर असेल तर देवी निघताना त्याला हलवून उठवा.