देवाचा उजवा हात कोणता? मूर्ती ओळखताना होणारी एक चूक

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या देवळांचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "भिंतीवरची मूर्ती कोणाची, हे ओळखायचं कसं?"

वाहन बघा, हातातली आयुधं बघा. नंदी असेल तर शिव, गरुड असेल तर विष्णू. आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी ती सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवर कोरलेली अप्सरा. तिला कुठली तरी राणी ठरवू नका. एवढं तुम्हाला येतंच.

खरी गडबड उजव्या-डाव्यात होते. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात, पण कोणत्या हातात काय, यावर नाव ठरतं. संध्येतली चोवीस नावं आठवा: केशव, नारायण, माधव, गोविंद... त्या चोवीस मूर्ती म्हणजे याच चार वस्तूंची अदलाबदल. वाचायचं असं: खालचा उजवा हात, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. अग्निपुराणातल्या क्रमानं पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव.

आता हा उजवा कोणाचा? देवाचा! आपला नाही. आपण समोर उभे असतो, म्हणून देवाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. आपल्या उजवीकडून वाचलं तर गदा, चक्र, शंख, पद्म येतं आणि तो माधव होतो. नारायणाचा तसाच गोविंद होतो. म्हणजे वाचणाऱ्याला चूक कळतही नाही, कारण उलटं वाचूनही खरंच एक नाव मिळतं.

डॉक्टर म्हणतात, "उजवा डोळा दाखवा." तेव्हा आपण आपला उजवा डोळा दाखवतो ना? मूर्तीचंही तसंच. तरी गोंधळ झाला तर मूर्तीच्या शेजारी, भिंतीकडे पाठ करून उभे राहा. तिचा उजवा तोच तुमचा उजवा. फक्त कोरीवकामाला टेकू नका, हात जोडून विनंती आहे.

एका ताईंनी लिहिलंय, "अर्धनारीश्वरात पार्वती उजवीकडे असते." ताई, पत्नीला आपण वामांगी म्हणतो. वाम म्हणजे डावा. पार्वती शिवाच्या डाव्या अंगाला, म्हणून ती तुम्हाला उजवीकडे दिसली. तुम्ही पाहिलं ते बरोबर, फक्त सांगताना बाजू देवाची सांगायची.

माझ्याकडूनही हे झालंय. एका गावातल्या देवळात भिंतीवरच्या गणपतीसोबत मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि "उजव्या सोंडेचा गणपती" म्हणून टाकला. त्याच गावच्या एका काकांनी लिहिलं, "बाबू, आमचा गणपती डाव्या सोंडेचा हाय." फोटो आरशासारखा उलटा आला होता. मला फार वाईट वाटलं, कारण तोवर तो फोटो तीन-चार ग्रुपांवर फिरून आला होता. असाच केशवाचा फोटो उलटा झाला की त्याचा माधव होतो, आणि मग खाली वाद सुरू. म्हणून फोटो मागच्या कॅमेऱ्यानंच काढा.

आणखी एक. प्रत्येक व्हिडिओखाली "हेमाडपंती" लिहिलेलं असतं. हे नाव ज्याच्यावरून आलं तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला, म्हणजे 13व्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि आपल्या अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 च्या सुमाराचा. तेव्हा हेमाद्रीचा काळ यायला ऐंशीहून जास्त वर्षं होती! चुना न वापरता दगडावर दगड बसवून उभं केलेलं प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर घालताना ज्यांनी ते बांधलं त्यांचं श्रेय आपण पुसतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

तेलकट रंग फासलेल्या मूर्तींवर वेगळा व्हिडिओ करतोय. रंगाच्या थरानं हातातलं आयुधच बुजतं, मग शंख काय आणि पद्म काय.

तुमच्या गावच्या देवळातली विष्णूमूर्ती असेल तर फोटो पाठवा. चारही हात दिसले पाहिजेत. आणि खाली लिहा, देवाच्या खालच्या उजव्या हातात काय आहे. देवाच्या!