भावड्याचा आवाज

हे सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर. आज इथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचं काम ध्वनिक्षेपक करतो. जुन्या संगीत रंगभूमीवरचे गायकनट भाऊराव कोल्हटकर हे काम नुसत्या गळ्यावर करत.

भाऊरावांचा जन्म 1863 चा, बडोद्याचा. 1882 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं होतं. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. मराठी, कानडी, तेलुगू एकाच बाजारात ऐकणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना त्यांचं हे नाटक जवळचं वाटावं, यात नवल नाही. पद आवडायला भाषा पुरती यावी लागत नाही.

भाऊराव शकुंतला झाले, मग अण्णासाहेबांच्याच ‘सौभद्र’मधली सुभद्रा. मोरोबा वाघोलीकर अर्जुन, बाळकोबा नाटेकर कृष्ण, आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणणारा हा विशीतला तरुण! उंच, पल्लेदार आवाज. लोक लाडानं त्यांना ‘भावड्या’ म्हणत. 1885 मध्ये अण्णासाहेब गेले, तेव्हा मंडळी तगली ती मोठ्या अंशी या आवाजावर.

त्यांची आठवण निघते ती सुभद्रेसाठी. मला मात्र त्यांची शेवटची वर्षं जास्त मोठी वाटतात. ज्या स्त्रीभूमिकांनी नाव दिलं, त्या सोडून ते पुरुषभूमिकांकडे वळले. ‘वीरतनय’मध्ये शूरसेन. आणि 1899 मध्ये देवलांच्या ‘शारदा’त कोदंड, म्हणजे म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीसाठी उभा राहणारा तरुण. लोकांनी डोक्यावर घेतलेलं रूप स्वतःहून उतरवायला केवढी हिंमत लागली असेल!

13 फेब्रुवारी 1901 रोजी भाऊराव गेले. वय 37. कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं तबकडीवर, भारतातल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी एकीवर, उतरलं ते 1902 च्या नोव्हेंबरात. जेमतेम पावणेदोन वर्षांचं अंतर, आणि तेवढ्यानं भाऊरावांची एकही तान आपल्यापर्यंत आली नाही. या माणसाबद्दल बोलताना हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते.

म्हणून आता सुभद्रेचं तेच पद ऐकूया, सोलापूरच्या एका तरुण गायकाकडून. नाट्यगृहाचे सगळे माईक बंद आहेत आणि आमचा कॅमेरा शेवटच्या रांगेत लावलाय.