गृहिणी, वय ४९

मंडळी, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस नावाचं गाव आहे. जहाजबांधणीचं गाव, पाणबुड्या तिथं तेव्हाही बांधल्या जात, आजही बांधल्या जातात. १९३९च्या सप्टेंबरात, महायुद्धाला तोंड फुटलं त्याच सुमारास, तिथल्या एका बाईंनी रोजनिशी लिहायला घेतली. नाव नेला लास्ट. यजमान सुतारकाम आणि दुकानांची सजावट करणारे, दोन मुलगे हाताशी आलेले. रोजनिशीवर स्वतःची ओळख त्यांनी एवढीच लिहिली: गृहिणी, वय ४९.

ही रोजनिशी त्या टपालानं पाठवत. कुणाला? तर ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाच्या संस्थेला. १९३७ साली तीन तरुणांनी ती काढली. टॉम हॅरिसन पक्ष्यांचा अभ्यासक होता आणि दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर राहून आला होता. चार्ल्स मॅज कवी आणि वार्ताहर, हम्फ्री जेनिंग्ज चित्रपट करणारा. दूरच्या बेटावरच्या लोकांचे रीतिरिवाज आपण टिपून ठेवतो, मग आपल्याच गल्लीतल्या माणसांचे का नाही, असा त्यांचा सवाल होता. ३० जानेवारी १९३७च्या ‘न्यू स्टेट्समन’मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. त्यात अभ्यासाचे विषय दिले होते: मोटार हाकणाऱ्यांचे हातवारे, न्हाणीघरातलं वागणं, दाढ्या, भुवया, अंत्यविधी, बायकांनी काय खायचं नाही याचे संकेत. वाचून पुष्कळांनी नाकं मुरडली असतील. पण मला या यादीत मोठा आदर दिसतो. माणसाची कुठलीच गोष्ट त्यांनी क्षुल्लक मानली नाही.

त्यांनी स्वयंसेवकांना पाठवलेला एक प्रश्न सांगतो. इंग्रजी घरात शेकोटीच्या वर एक फळी असते. त्या फळीवर काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमानं लिहा, आणि मधोमध काय आहे ते सांगा. बस, एवढंच. आता विचार करा, मधोमध घड्याळ आहे की मुलाचा फोटो, याच्यात त्या घराचं किती कळतं! कडेला खोचलेली बिलं, काड्यापेटी, लग्नात आलेली मेणबत्त्यांची जोडी. हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? पुढं १९८३ साली हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, त्यामुळं दोन पिढ्यांच्या फळ्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात.

युद्धाच्या काळात सुमारे ४८० जणांनी या संस्थेसाठी रोजनिश्या लिहिल्या. त्यातल्या नेलाबाई एक.

त्यांचं स्वयंपाकघर बघू. ८ जानेवारी १९४०ला लोणी, साखर आणि बेकन यांवर रेशन आलं. जुलैत चहावर आलं: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. दिवसातून पाच-सहा वेळा किटली चढवणाऱ्या समाजात ५७ ग्रॅम चहापत्तीत आठवडा काढायचा! हे कपात २५ टक्के की ३० टक्के अशा आकड्यांनी कळत नाही. नेलाबाईंसारखी बाई उरल्यासुरल्याचं सूप कसं करते, चिंध्या जोडून इस्पितळातल्या मुलांसाठी बाहुल्या कशा शिवते, ते वाचलं की कळतं. काटकसरीचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. अंगणातली हिरवळ उखडून त्यांनी कोंबड्या पाळल्या, भाजी लावली. कोंबड्या पाळणाऱ्यांना आपला रेशनचा अंड्यांचा वाटा सोडून त्या बदल्यात कोंबड्यांचं खाद्य घेता येई, अशी तेव्हा सोय होती. घरचा हिशेब आणि देशाचा हिशेब असे एकमेकांत गुंतलेले.

१९४१च्या एप्रिल-मे महिन्यांत बॅरोवर बॉम्बहल्ले झाले. नेलाबाईंच्या घराच्या खिडक्या गेल्या, छतं खाली आली, भिंतींना तडे गेले. त्यावरही त्या लिहितात, आणि त्याच हातानं जेवणाला काय केलं तेही लिहितात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संकट येतं तेव्हाही कुणाला तरी संध्याकाळची चूल पेटवायची असतेच, आणि इतिहासाच्या पुस्तकात नेमकी तीच बाई नसते.

युद्धाआधी या बाई मनानं खचल्या होत्या, आजारी पडल्या होत्या. मग त्या महिला स्वयंसेवा दलात, ‘डब्ल्यूव्हीएस’मध्ये, जाऊ लागल्या. हे दल १९३८ साली लेडी रीडिंग यांनी उभं केलं. त्यांचे पती लॉर्ड रीडिंग म्हणजे १९२१ ते १९२६ या काळातले हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. दलाच्या केंद्रावर शिवणकाम, सैनिकांसाठी कँटीन, पुढं युद्धकैद्यांना पार्सलं पाठवायला पैसे उभे करणारं रेड क्रॉसचं दुकान. पन्नाशीतल्या या बाईंना तिथं पहिल्यांदा उमगलं की आपल्यावाचून चार कामं अडतात. यजमान मितभाषी, घर सोडून कुठं न जाणारे, बायकोनंही घरीच असावं असं वाटणारे. इतकी वर्षं आपण त्यांच्या मर्जीनं राहिलो, हे त्या कागदावर उतरवतात. भांडण नाही, काडीमोड नाही. पण हळूहळू त्या आपल्या मनाप्रमाणे बाहेर पडतात, आपलं मत बोलून दाखवतात. हा बदल एका दिवसात झालेला नाही, म्हणूनच तो रोजनिशीतच सापडतो. वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत तो असा पानापानानं दिसला नसता.

त्यांच्या आवडीही साध्या. गाडी काढून कॉनिस्टन तळ्याच्या काठी जाऊन बसणं ही सगळ्यात मोठी चैन. १९४२मध्ये खासगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा नेहमीचा रेशनचा वाटा बंद झाला तेव्हा त्या तळ्याचं मोल किती वाढलं असेल!

युद्ध संपलं तरी त्या थांबल्या नाहीत. पावावर तर युद्धानंतर, १९४६ साली रेशन आलं, आणि सगळं रेशन उठायला ४ जुलै १९५४ उजाडला. नेलाबाई १९६६पर्यंत लिहीत होत्या. सगळं मिळून जवळपास सव्वा कोटी शब्द असावेत असा अंदाज आहे. १९६८ साली त्या गेल्या. त्यातला निवडक भाग पुस्तकरूपानं आला १९८१ साली. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना बघायला मिळालं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

हे सगळे कागद आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ब्रायटनजवळच्या ‘द कीप’ या इमारतीत. आणि काम चालू आहे. १९८१पासून देशभरातले स्वयंसेवक पुन्हा प्रश्नांना उत्तरं लिहून पाठवतात. शिवाय १२ मे हा एक खास दिवस. १९३७ साली त्या तारखेला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता आणि संस्थेनं लोकांकडून दिवसभराची नोंद मागवली होती. २०१०पासून दर १२ मेला तशीच हाक दिली जाते. ब्रिटनमध्ये राहणारं कुणीही लिहू शकतं.

आता माझी एक विनंती आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. तिकडं मराठी बायकांच्या कितीतरी पिढ्या नांदल्या, नोकऱ्या केल्या, पन्नाशीला आल्या. इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या लेकीसुना, बहिणी तिकडं आहेत. त्यांना आज फोन करून सांगा की येत्या १२ मेला लिहा. डब्यात काय नेलं, शेजारणीशी कुंपणावरून काय बोलणं झालं, भारतात फोन किती वाजता लावला, देवघर कुठल्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारी काय ठेवलंय. मराठीत सुचलं तर आधी मराठीत उतरवा, मग इंग्रजीत करून पाठवा. आणि वर आपलं वय घालायला विसरू नका म्हणावं.