नटक्रॅकरची पेरणी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलेले इथे बरेच असतील. तिथल्या डनरेव्हन पास या खिंडीत गाडी लावून माउंट वॉशबर्न चढला असाल, तर व्हाइटबार्क पाइन तुम्ही पाहिलाय, फक्त ओळखला नसेल. झुपक्यात पाच सुया, फिकट साल. माथ्याजवळ वाऱ्यापुढे तो पार झुडपाएवढा खुजा होतो. पण यातली काही झाडं हजार वर्षांची आहेत.

याचा शंकू, म्हणजे बिया धरणारं बोंड, पिकला तरी आपणहून उघडत नाही. बीला पंख नाही, म्हणजे वाराही कामाचा नाही. कावळ्याच्या कुळातला एक करडा पक्षी आहे, क्लार्क्स नटक्रॅकर. तो चोचीने शंकू फोडतो, बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि मोकळ्या उतारावर थोड्या थोड्या पुरत जातो. ही त्याची हिवाळ्याची बेगमी. हंगामात एकेक पक्षी हजारो बिया पुरतो. खायच्या राहिल्या त्या रुजतात. म्हणून पुष्कळदा तीन-चार खोडं एकाच जागेतून वर आलेली दिसतात. ते एक झाड असेलच असं नाही, एकाच खळग्यातल्या वेगवेगळ्या बियाही असतात.

१९१० च्या सुमारास युरोपातून आलेल्या रोपांबरोबर कॅनडातल्या व्हँकुव्हरला तांबेरा उतरला. गव्हावर पडतो त्याच्याच भावकीतला. सुईतून शिरतो, फांदीत उतरतो, सालीवर नारिंगी फोड येतात आणि फांदी वाळते. शंकू धरणारे शेंडेच असे जातात, मग झाड उभं असूनही वांझ. या बुरशीचा अर्धा संसार करंट नावाच्या फळझुडपांवर चालतो, म्हणून अमेरिकेने कित्येक वर्षं ती झुडपं उपटली. उपयोग जवळजवळ शून्य. त्यात हिवाळे सौम्य झाल्याने साल पोखरणारे भुंगेरे वरपर्यंत पोचले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने याला कायद्याने संकटग्रस्त ठरवलं.

आता हे झाड वाचवायला रोपं करायची कशी? तांबेऱ्याने आजूबाजूची झाडं मेली तरी तगलेलं झाड आधी हेरतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर चढून कोवळ्या शंकूंना जाळीच्या पिशव्या घालतात, नाहीतर नटक्रॅकर आणि खारी काही ठेवत नाहीत. बी हट्टी असतं. आधी काही आठवडे उबेत, मग काही महिने ओल्या थंडीत ठेवायचं, आणि तरी टणक कवचाला हाताने एकेक चीर द्यावी लागते. काही रोपं मुद्दाम तांबेऱ्याच्या बीजाणूंखाली ठेवतात. कोणत्या आईची पोरं टिकतात, हे त्यातून कळतं. माझ्या मते खरं काम हेच. नुसती लाखाने रोपं लावली तर ती तांबेऱ्यालाच खायला घालणं आहे. लावताना ओंडक्याचा किंवा दगडाचा आडोसा बघतात. पहिला शंकू यायला वीस-तीस वर्षं.

मघाशी कुणीतरी विचारलं, महाबळेश्वरला लागेल का? नाही. त्याला महिनोन्‌महिने बर्फ हवा. आपल्या देशातला डोंगरी पाइन पाहायचा तर किन्नौरला जा, चिलगोज्याच्या जंगलात. तिथली अडचण निराळी: बियांना बाजारात भाव इतका, की रुजायला जमिनीत फार थोड्या उरतात.