नोव्हेंबरातला निकाल कसा वाचावा

मंडळी, नमस्कार.

२० नोव्हेंबर २०१२ च्या रात्री आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने १३८ गुण केले. तो ३६ मिनिटं खेळला, १०८ शॉट घेतले, त्यातले ७१ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकायचे तीन गुणांचे शॉट, होते. एकूण ५२ बसले. ग्रिनेलने फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजचा १७९-१०४ असा पराभव केला. हरलेल्या संघाच्या डेव्हिड लार्सनने त्याच रात्री ४४ पैकी ३४ शॉट बसवून ७० गुण केले, पण त्याचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही.

हा मोसमाच्या सुरुवातीचा सामना होता. विक्रमांच्या पुस्तकात तो कायमचा गेला. पण मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडायला बसतात तेव्हा या सामन्याची किंमत शून्य धरली जाते. कारण समोरचा संघ डिव्हिजन थ्री या ग्रिनेलच्या श्रेणीतला नव्हता आणि निवडीच्या हिशेबात डिव्हिजन थ्रीबाहेरचे सामने येत नाहीत. आज मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोट्या कॉलेजांचे जे सामने होतात, त्यांच्या निकालाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व तुम्ही कुणाशी खेळलात आणि कशासाठी खेळलात याला आहे.

आधी ही छोटी कॉलेजं म्हणजे कोण ते पाहू. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या तीन श्रेण्या. टीव्हीवर आपण ड्यूक, कॅन्सस वगैरे बघतो ती पहिली, डिव्हिजन वन. तिसरी श्रेणी, म्हणजेच डिव्हिजन थ्री, कॉलेजांच्या संख्येने सगळ्यात मोठी, चारशेच्या वर. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. गरजेनुसार किंवा मार्कांवर मदत मिळते, पण उंच आहेस, शॉट चांगला आहे म्हणून फी माफ होत नाही. इथे बसलेल्या आईवडिलांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण आपली मुलं आता शाळेच्या संघांत खेळायला लागली आहेत आणि याबद्दल घराघरात गैरसमज आहेत.

या खेळाचा जन्मही अशाच एका छोट्या संस्थेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला २१ डिसेंबर १८९१ रोजी जेम्स नेस्मिथ यांनी अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ केले आणि पीचच्या टोपल्या टांगल्या. सामना १-० असा सुटला. ती संस्था आज स्प्रिंगफील्ड कॉलेज म्हणून डिव्हिजन थ्रीमध्येच खेळते. त्या अठरांपैकी डंकन पॅटन पुढे वायएमसीएच्या कामासाठी भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनीच आपल्याकडे हा खेळ नेला असं मानतात. तेव्हा आपलं नातं थेट त्या पहिल्या सामन्याशी आहे.

आता मोसम कसा चालतो ते. ऑक्टोबरच्या मध्याला सराव सुरू होतो. मोसमाबाहेर कोचने सराव घेण्यावर कडक मर्यादा आहेत, त्यामुळे जुनी-नवी मुलं कोचसमोर रोज एकत्र येतात ती तेव्हाच. पहिला सामना नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे हातात तीन-चार आठवडे. नियमित मोसमात सामने जास्तीत जास्त पंचवीस. त्यातले निम्म्याहून अधिक आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे कॉलेजांच्या गटातल्या, संघांशी, आणि त्यांचा मोठा भाग जानेवारी-फेब्रुवारीत. उरलेले आठ-दहा सामने बाहेरच्यांशी, ते बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते, मग परीक्षा येतात, आठ-दहा दिवस जिम शांत असतं.

राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ. त्यातल्या चाळीसच्या वर जागा कॉन्फरन्स विजेत्यांना आपोआप जातात. उरलेल्या वीसेक जागांसाठी देशभरातल्या चांगल्या पण विजेतेपद हुकलेल्या संघांची तुलना करावी लागते. ओहायोतला संघ आणि कॅलिफोर्नियातला संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, मग तुलना कशी करणार? दोघांच्या कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांवरून. २०२४-२५ च्या मोसमापासून यासाठी एनपीआय नावाचं गणिती मोजमाप वापरतात. त्यात तुमचे विजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद दोन्ही मोजतात. तारीख मोजत नाहीत. दहा नोव्हेंबरचा पराभव आणि दहा फेब्रुवारीचा पराभव एकाच वजनाचे.

संघ सर्वांत कच्चा असताना जे सामने होतात, तेच देशपातळीवर त्याची किंमत ठरवतात. रंगीत तालीम चालू असावी आणि परीक्षण तिथेच लिहून मोकळं व्हावं, तसा हा प्रकार आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. पण नियम हाच आहे आणि कोच तो ओळखून वेळापत्रक आखतात. म्हणून कुठल्याही संघाचं भवितव्य जोखायचं असेल तर आधी त्याचं वेळापत्रक उघडावं. घरच्या मैदानावर दुबळे पाहुणे बोलावून चार विजय जमवणारा कोच एक गोष्ट सांगतोय. चार तास बसमधून जाऊन गेल्या वर्षीच्या कॉन्फरन्स विजेत्याशी खेळणारा दुसरी. हा दुसरा सुरुवातीला एक विजय आणि तीन पराभव अशा स्थितीत असला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

कुणाशी खेळलात हा प्रश्न जुना आहे. ओहायोतल्या रिओ ग्रँड कॉलेजच्या बेव्हो फ्रान्सिसने जानेवारी १९५३ मध्ये अ‍ॅशलंड ज्युनियर कॉलेजविरुद्ध ११६ गुण केले. देश वेडा झाला. पण समोर चार वर्षांचं पदवी कॉलेज नव्हतं, म्हणून एनसीएएने तो आकडा विक्रमांतून काढून टाकला. पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी १९५४ ला, त्याच मुलाने हिल्सडेलविरुद्ध ११३ केले, आणि या वेळी ते मान्य झाले. मला फ्रान्सिसबद्दल अपार आदर आहे तो या दुसऱ्या रात्रीसाठी.

कॅलटेकचं उदाहरण तर मी प्रत्येक वेळी देतो. नोबेल मिळवणाऱ्यांची संस्था. तिथला बास्केटबॉल संघ डिव्हिजन थ्रीमधल्या संघांविरुद्ध ओळीने २०७ सामने हरला होता. ६ जानेवारी २००७ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या बार्ड कॉलेजला ८१-५२ असं हरवलं. मुलं नाचली, बातम्या झाल्या, लोक म्हणाले आता हा संघ वर येणार. बार्ड मात्र त्यांच्या कॉन्फरन्सबाहेरचं कॉलेज होतं. कॉन्फरन्समधला कॅलटेकचा पराभवांचा सिलसिला तसाच चालू राहिला आणि तो तुटला चार वर्षांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला, ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ असा. तोवर ३१० सामने झाले होते. बार्डवरचा विजय खोटा नव्हता. पण त्यावरून कॉन्फरन्समधला अंदाज बांधता येत नव्हता, कारण कॉन्फरन्समधले कोच वर्षातून दोनदा तुमच्याशी खेळतात, तुमच्या प्रत्येक मुलाचा कमकुवत हात त्यांना पाठ असतो.

आता जिममध्ये जाऊन काय बघायचं ते. हा माझ्या आवडीचा भाग आहे, जरा सविस्तर बोलतो.

गुणफलक शेवटी बघा. एका रात्रीत थ्री-पॉइंटर बसले की नाही यावरून काहीही ठरत नाही. चांगला नेमबाजही एखाद्या शनिवारी आठपैकी एक टाकतो. शॉट कसा मिळाला ते बघा. मोकळा मिळाला का, पाय जमिनीवर नीट टेकलेले होते का, की घड्याळ संपत आलं म्हणून अंगावर माणूस असताना फेकला? मोकळे शॉट मिळवणारा संघ जानेवारीत जिंकायला लागतो. टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल गमावणं) आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं) हे आकडे त्यामानाने लवकर खरं बोलतात. रिबाउंड तर जास्तच, कारण आपला माणूस अंगाने अडवून धरायची सवय एका रात्रीत येत नाही आणि जातही नाही.

मग बेंच बघा. नोव्हेंबरमध्ये कोच दहा-बारा मुलं खेळवतो, जानेवारीत तो आठवर येतो. ही चाळणी कशी लागते ते बघण्यात खरी मजा आहे. पहिल्या हाफची शेवटची पाच मिनिटं महत्त्वाची. मुख्य खेळाडूला दोन फाउल झाले, कोचने त्याला बसवलं, आता आत कोण जातो? शेवटच्या वर्षाचा सीनियर की पहिल्या वर्षाचा मुलगा? त्या एका निर्णयातून कोचच्या मनातला जानेवारीचा संघ दिसतो.

तिसरी गोष्ट ऐकायची आहे. मोठ्या रिंगणात हे ऐकू येत नाही, पण छोट्या कॉलेजच्या जिममध्ये, लाकडी घडीच्या बाकांवर दोन-तीनशे माणसं असतात तिथे, बचाव करणाऱ्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. ‘स्क्रीन लेफ्ट’, ‘हेल्प’, ‘आय गॉट बॉल’. मी ओहायोत एका सामन्यात पाहिलं, पहिल्या वर्षाचा एक उंच मुलगा स्क्रीन (वाट अडवून उभा राहणारा समोरच्या संघाचा खेळाडू) आला तरी बोललाच नाही, त्यामुळे त्याच्याच संघाचा गार्ड सरळ जाऊन त्या स्क्रीनवर आदळला आणि समोरच्याला फुकटचा लेअप, म्हणजे टोपलीजवळचा सोपा शॉट, मिळाला. फ्री थ्रोच्या वेळी सीनियर त्या मुलापाशी आला. ओरडला नाही. बुटाच्या टोकाने जमिनीवर जागा दाखवली, इथे उभा राहा, आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. पुढच्या दोन खेपांना तो मुलगा ओरडून सांगत होता. सामना ते हरले. पण त्या संघाकडे शिकवणारे सीनियर आहेत हे मला तिथे कळलं, आणि ते कुठल्याही आकडेवारीत छापून येत नाही.

ग्रिनेलकडे परत एकदा वळतो, कारण त्या १३८ गुणांमागचा विचार लोक विसरतात. तिथले कोच डेव्हिड आर्सेनो यांनी खेळाचं एक सूत्रच बांधलं होतं. सामन्यात ९४ शॉट घ्यायचे, त्यातले निम्मे थ्री-पॉइंटर, आपल्या हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश परत मिळवायचे, प्रतिस्पर्ध्यापेक्षा २५ शॉट जास्त घ्यायचे आणि त्याच्याकडून ३२ टर्नओव्हर काढायचे. हे साधायला पूर्ण मैदानभर प्रेस, म्हणजे अंगाला चिकटून बचाव, आणि मिनिटभरात पाचही खेळाडू बदलायचे. त्यामुळे बेंचवरची पंधरा-वीस मुलं दर सामन्यात घाम गाळतात. शिष्यवृत्ती नसलेल्या, केवळ आवडीने आलेल्या मुलांच्या संघात याला मोठं मोल आहे, असं मी मानतो. एका मुलाने १०८ शॉट घेणं मला पटत नाही. पण पद्धतीमागची बुद्धी मला पटते.

संघाचं भवितव्य बांधताना हल्ली एक जुना आधार डळमळीत झालाय. पूर्वी गेल्या वर्षीचे पाचपैकी चार परत येताहेत म्हटलं की निर्धास्त असायचो. आता चांगला मुलगा वरच्या श्रेणीत निघून जातो. डंकन रॉबिन्सन हे ठळक नाव. विल्यम्स कॉलेजात पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, तो डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात खेळला. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरच्या क्वार्डेल यंगने एक सेकंदही उरला नसताना लेअप घातला आणि विल्यम्स ७५-७३ असे हरले. रॉबिन्सन मिशिगनला गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला, २०१८ मध्ये डिव्हिजन वनची फायनल खेळला आणि २०२० मध्ये मायामी हीटकडून एनबीएची, म्हणजे व्यावसायिक लीगची. आता ते वर्षभर बसणंही राहिलेलं नाही. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्याला गेलात की आधी संघाची यादी नवी आहे का ते तपासा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

काही मुलं फुटबॉलही खेळतात, तो मोसम नोव्हेंबरमध्ये संपतो, मग ती बास्केटबॉलला येतात. त्यांचे पाय ताकदीचे असतात, हात मात्र डिसेंबर उजाडेपर्यंत वळत नाहीत. तेवढी मोकळीक त्यांना द्यावी.

आणि धीराची गोष्ट निघालीच आहे तर ग्रेग पोपोविच. एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सला पाच विजेतेपदं मिळवून देणारे. त्याआधी ते पोमोना-पिट्झरचे कोच होते, डिव्हिजन थ्रीमध्ये. पहिल्या मोसमात, १९७९-८० मध्ये, २ विजय आणि २२ पराभव. त्यातला एक पराभव कॅलटेककडून. १९८५-८६ मध्ये त्यांनी कॉन्फरन्स जिंकली. डिसेंबर १९८७ मध्ये ते आपली मुलं घेऊन कॅन्ससला गेले आणि ९४-३८ असे हरले. तोच कॅन्ससचा संघ त्या मोसमात डिव्हिजन वनचा राष्ट्रीय विजेता झाला. तो सामना राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीत पोमोनाला काहीही देणार नव्हता, फक्त उत्तम खेळ कसा असतो तो चाळीस मिनिटं अंगावर घ्यायला मिळाला. असा सामना मुद्दाम वेळापत्रकात घालणारा कोच मला मोठा वाटतो.

एका ताईंनी आधीच विचारलं होतं, मुलाला घेऊन नेमका कुठला सामना बघायला जाऊ? माझं उत्तर असं. नोव्हेंबरात बरीच कॉलेजं शुक्रवार-शनिवारी चार संघांची टिप-ऑफ, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीची, स्पर्धा भरवतात. तिथे शनिवारच्या सामन्याला जा, यजमानांच्या बेंचमागे बसा. आदल्या रात्री सगळे पूर्ण सामना खेळलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात. शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून आखूड पडायला लागतात. तेव्हा बचावासाठी मागे धावत कोण येतो, आणि चालत कोण येतो, ते मुलाला मोजायला सांगा.