गुलशनाबादचा रुपया

(दृश्य: पंचवटीतलं जुनं घर, सकाळ. पितळी डबा उघडा. आत भिंग, खिशात मावेल एवढा वजनकाटा, लोहचुंबक आणि धुतलेला रुमाल.)

काकांची पिशवी भरून झाली की काकू एकच प्रश्न विचारतात. "किती नेताय?" काका आकडा सांगतात. काकू मनातल्या मनात त्यात हजार मिळवतात आणि चहा ओततात. आज काकांनी पाच हजार सांगितलेत.

काका एसटीत कंडक्टर होते. नाद लागला तो सुट्ट्या पैशांतून. मनमाडच्या गाडीला एका म्हातारीने तिकिटाच्या पैशांत मधोमध भोक असलेला तांबूस पैसा दिला आणि विचारलं, "ह्यो चालंल का रं बाबा?" चालण्याचा प्रश्नच नव्हता. असे भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळात पाडले गेले. पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणे-पैचा हिशेबच मोडीत निघाला. काकांनी कमी पडलेले पैसे स्वतःच्या खिशातून भरले आणि तो पैसा ठेवून घेतला. "हिशेब तर जुळायला हवा ना," ते सांगतात.

तो पैसा आजही डब्यात तळाशी आहे. त्याच्यावर पुढे बरीच गर्दी झाली.

(दृश्य: गंगापूर रोड. मंगल कार्यालयाच्या दारात नाणी-नोटा प्रदर्शनाचा फलक.)

हॉल लग्नाचा आहे, हे लपत नाही. नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या भिंतीकडे सरकवल्यात आणि त्या जागी स्टेजवर एका व्यापाऱ्याने आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली प्राचीन नाणी मांडलीत. अक्षता पडायच्या तिथे आज अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ठशांची चांदी पडली आहे. काका स्टेजकडे बघतात, पण चढत नाहीत. आधी खालची टेबलं.

सगळ्यात जास्त गर्दी नोटांना. नाशिकात ती असणारच म्हणा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. घरातलं, शेजारचं कोणीतरी तिथे कामाला होतं, असं सांगणारा माणूस इथे दर दहा पावलांवर भेटतो. कोणी ७८६ शेवटी असलेली नोट शोधतोय, कोणी लेकीची जन्मतारीख. काका बाजूने निघून जातात. नोटेशी त्यांचं वैर नाही, पण "वाजवून बघता येत नाही हो," अशी तक्रार आहे.

दाराजवळ एक ताई बटवा घेऊन उभ्या आहेत. आत सासूबाईंचे आणे, थोडे चौकोनी पाच पैसे आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं. या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असा व्हिडिओ त्यांना कोणीतरी पाठवलाय. टेबलावरचा माणूस हसतो. काका हसत नाहीत. "ताई, हे २०१२ साली निघालेलं चालू नाणं आहे. वाण्याकडेही चालेल." रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं, की आमच्या नावाने कोणी जुनी नाणी विकत घेतो-विकतो म्हणून शुल्क मागत असेल तर भुलू नका. काका तेही सांगतात. ताईंचा चेहरा पडतो. मग काका बटव्यातला एक आणा उचलतात, त्याची लाटेसारखी कड बोटाने चाचपतात आणि विचारतात, "हा सासूबाईंनी कशासाठी ठेवला असेल?" ताई सांगायला लागतात. ती गोष्ट मोठी आहे, ती त्यांच्याकडेच राहू दे.

पलीकडच्या टेबलावर राम-सीता-हनुमानाचं चित्र असलेली जाडजूड तांब्याची नाणी आहेत, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. भाविकांच्या गावात हा माल हमखास खपतो. कंपनीने रामपंचायतनाचं नाणं कधी काढलंच नाही. काका याबद्दल चार शब्द बोलले, पण ते चित्रफितीत ठेवण्यासारखे नाहीत.

(दृश्य: भिंगातून दिसणारं लहानसं चांदीचं नाणं. करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं.)

आता स्टेज. व्यापारी ओळखीचा, त्यामुळे न विचारता एक नाणं पुढे करतो. "घ्यायचं नाही, नुसतं बघा."

नीट बघा. एका बाजूला माणसाचं तोंड असावं, तसं नाक दिसतंय. त्या नाकावरच तीन कमानींची टेकडी उमटली आहे, खाली नागमोडी रेघ. कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे शिल्लक आहेत. नाणं उलटलं तर मागे बाण आणि वज्र होतं, त्यावर चार वर्तुळं जोडणारी फुली बसली आहे. तोंड आहे क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाचं. टेकडी आणि फुली सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची. नहपानाला हरवल्यावर सातकर्णीने त्याची नाणी वितळवली नाहीत. होती त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला आणि बाजारात सोडली. नाव पुसायचं, चांदी ठेवायची. हिशेबी माणूस.

हे आपल्याला कळलं ते नाशिकजवळच. सिन्नर तालुक्यात, दारणा गोदावरीला मिळते तिथे जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा.

या नहपानाचा जावई उषवदात. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात त्याचा लेख आहे आणि काकांचा तो आवडता, कारण त्यात व्याजाचं गणित आहे. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेतून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. काका बोटांवर मोजतात. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बारा. "बघा, बरोबर उतरतं!" जणू काल डेपोत भरणा करून आलेत. गोवर्धन हे नाव आजही इथून पुढे, गंगापूरकडे जाताना गावाला आहे.

ते नाणं काका परत देतात. आजचा शोध वेगळा आहे.

(दृश्य: पत्र्याचा ट्रे, प्लास्टिकच्या पाकिटांत मराठेशाहीतले रुपये.)

मुघलांनी नाशिकला गुलशनाबाद नाव दिलं होतं. राज्य गेलं तरी नाव टाकसाळीच्या ठशावर टिकलं. पेशवाईत इथे रुपये पाडले जात होते, त्यांच्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव आणि टाकसाळ गुलशनाबाद. होळकरांच्या चांदवडला, म्हणजे जुन्या चांदोरला, दुसरी टाकसाळ, तिच्या रुपयांवर जाफराबाद. सत्ता मराठ्यांची, अक्षरं फारसी. बाजारात ज्याला पत होती ते नाव चालू ठेवलं.

काकांकडे चांदवडी रुपये आहेत. नाशिकचा नाही. गोदाकाठी जन्म गेला आणि गावचं नाणं घरात नाही, हे त्यांना बरीच वर्षं डाचतंय.

अडचण अशी की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोडा जिथे पडेल तेवढीच अक्षरं उमटणार. टाकसाळीचं नाव बहुतेक वेळा कडेबाहेर हवेत गेलेलं असतं. काकांना फारसी येत नाही. अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात काचेला नाक लावून त्यांनी गुलशनाबादची अक्षरं चित्रासारखी पाठ केली. खूण एकच, शीन हे अक्षर. तीन दात आणि वर तीन ठिपके.

पहिल्या ट्रेमध्ये बेचाळीस रुपये. काका एकेक उचलतात, दिव्याखाली तिरपा धरतात, ठेवतात. व्यापाऱ्याचा चहा येतो, जातो. दुसरा ट्रे. पाठीमागे एक पोरगा उभा आहे, त्याला घाई आहे. काकांना नाही. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत तिकीट फाडत जाणाऱ्या माणसाची ही सवय.

एका रुपयावर हात थांबतो.

कडेला, अगदी कडेला, तीन दात. ठिपके दोनच, तिसरा गेला. पुढे नून या अक्षराचा गोलावा. पाकिटावर पेनने लिहिलंय: चांदोर.

काका चेहऱ्यावर काही येऊ देत नाहीत. चुंबक लावतात, चिकटत नाही. काट्यावर ११.२ ग्रॅम. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारतात. आवाज लांब जातो.

"काय सांगताय शेठ?"

"बावन्नशे. चांदीचा भाव बघताय ना."

"ठसे आहेत याला." खरंच आहेत. मागच्या बाजूला तीन बारीक खाचा. चांदी खरी का, हे बघायला जुन्या सराफांनी टोचून मारलेल्या. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतात, भाव पडतो. काका तेच सांगतात, मन लावून नाक मुरडतात. शेठ पाच हजारांवर येतात, मग अठ्ठेचाळीसशे. व्यवहार होतो.

बाहेर आल्यावर मात्र काका त्या खाचांवरूनच अंगठा फिरवत बसले. आम्ही विचारलं, खटकत नाहीत? त्यांनी हवेत बोटं मिटली, तिकिटाला पंच मारावा तशी. "कोरं तिकीट म्हणजे माणूस गाडीत बसलाच नाही. याला तीन ठिकाणी पंच आहे."

आणि चांदोर लिहिलं होतं ते? सांगायला नको होतं का शेठला? काकांनी या प्रश्नावर मिसळ मागवली.

(दृश्य: रात्र. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर रुमाल, रुमालावर रुपया.)

नाणं घासायचं नाही, चिंच लावायची नाही, हा घरातला नियम. एकदा काकूंनी प्रेमाने एक शिवराई लखलखीत करून ठेवली होती. त्या दिवसाचा विषय दोघंही काढत नाहीत.

काका कागदी पाकिटावर तारीख लिहितात. वजन लिहितात. किंमत जरा बारीक अक्षरात. मग वर, मोठ्या अक्षरात: नाशिक.

"किती गेले?" आतून आवाज.

"पाचच्या आत!"

काकू हात पुसत येतात, पाकीट वाचतात, रुपया बघतात. "यावर नाशिक कुठंय?"

काका भिंग त्यांच्या हातात देतात, नाणं दिव्याखाली तिरपं करतात, कडेवर बोट ठेवतात. तीन दात, दोन ठिपके. काकू बराच वेळ बघतात.

"मला तर मुंगळा दिसतोय," त्या म्हणतात, आणि भिंग परत न देता नाणं उलटून मागची बाजू बघायला लागतात.