पाळी आली, बदली द्या

ब्रिटिश अमलात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात सक्तीची मिलिशिया, म्हणजे गरजेपुरती बोलवायची नागरिकांची फौज, नव्हतीच. वसाहत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली, आणि त्यांना शस्त्र वर्ज्य. १७५५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं मिलिशियाचा कायदा करून घेतला, तोही ऐच्छिक. ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर मात्र नुसत्या स्वयंसेवकांवर भागेना. १७ मार्च १७७७ च्या कायद्यानं १८ ते ५३ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांची नावं यादीवर चढली. सूट होती ती धर्मोपदेशक, न्यायाधीश अशा मोजक्यांना.

आता हिशोब बघा. काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, भाग पाडायचे, एका भागात ४४० ते ६८० माणसं. त्यांची एक बटालियन, बटालियनच्या आठ कंपन्या, म्हणजे कंपनीत साधारण पंचावन्न ते पंच्याऐंशी जण. मग प्रत्येक कंपनीत चिठ्ठ्या टाकून पुन्हा आठ वर्ग. पहिल्या वर्गाला बोलावणं आलं की कंपनीमागे सात ते दहा माणसं दोन महिन्यांसाठी निघणार. त्यानंतर दुसरा वर्ग. गाव ओस पडत नाही, कापणी अडत नाही. कागदावर बेत झकास! पण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून कवायत केली, ते बहुतेक घरीच. मोर्चावर शेजारी उभे राहणार ते दुसऱ्या कंपन्यांतले, आणि तोंडओळख होते न होते तोच मुदत संपते.

ज्याला जायचं नाही, त्यानं आपल्या जागी बदली माणूस द्यायचा. कायद्याच्या वयात न आलेला मुलगा बापाच्या जागी चालत असे. तसा मुलगा नसला की बाहेरचा माणूस पैसे देऊन ठरवायचा.

खरी गोम पुढे आहे. बदली गेलेला माणूसही कुठल्यातरी वर्गात असतोच. समजा, दुसऱ्या वर्गातल्या शेतकऱ्यानं तिसऱ्या वर्गातला माणूस पाठवला. तो छावणीत असतानाच तिसऱ्या वर्गाची पाळी लागली. आता? कायदा म्हणतो, ज्यानं बदली दिला त्यानंच बदलीच्या पाळीवर जावं, नाहीतर दंड भरावा. म्हणजे पैसे गेलेच, वर बंदूकही खांद्यावर आली. माणूस ठरवताना त्याचा वर्ग विचारायला हवा होता.

क्वेकर ना बदली देत, ना दंड भरत. पैसे देऊन लढाईला हातभार लावणं हेही त्यांच्या लेखी पापच. मग जप्ती येई, आणि गुरं, घरातलं सामान दंडापोटी उचललं जाई.

कागदी चलनानं तर दंडाची पार रया घालवली. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या सामाईक प्रतिनिधिसभेनं, चाळीस कागदी डॉलर बरोबर एक चांदीचा असा दर धरला. आकड्यात बांधलेला दंड दिवसागणिक स्वस्त होत गेला, उलट बदली माणूस त्या कागदाला हात लावायला का-कू करू लागला. त्याच महिन्यात पेन्सिल्व्हेनियाला मिलिशियाचा कायदा नव्यानं लिहावा लागला.

दक्षिणेत व्हर्जिनियात याहून वाईट घडलं. मालकांनी आपल्या जागी गुलामांना स्वतंत्र माणूस म्हणून भरती केलं आणि मुदत संपताच त्यांना पुन्हा गुलामीत ओढायला निघाले. १७८३ च्या शरद ऋतूत तिथल्या विधिमंडळानं कायदा करून अशा शिपायांना मुक्त केलं.

पुढे ७ जून १८३२ च्या कायद्यानं किमान सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळू लागलं, मिलिशियावाल्यांनाही. म्हातारे झालेले बदली शिपाई कोर्टात शपथेवर सांगू लागले: अमुक पाळी बापासाठी, तमुक शेजाऱ्यासाठी. ते दोन-दोन महिने सेवा करणाऱ्याच्याच नावावर धरले गेले.